टोकन चारशे सतरा

कुंदाला खरं वाटत नाही.
वाळवंटात कसली आलीय थंडी, म्हणते,
आणि मागे कुकरची शिट्टी होते
म्हणजे विषय संपला.

थंडी तिला ठाऊक ती यावलची,
केळीच्या बागा जपायला
बांधावर पाला पेटवून रात्रभर धूर करतात ती.
इथे कोण कुणासाठी धूर करणार?

पहाटे चारला मंगाफहून निघतो
तेव्हा सायकलचं हँडल डसतं.
जाताना वारा पाठीशी असतो,
पाठीशी म्हणजे बाजूने नव्हे,
कॉलरमधून आत उतरतो
आणि मुकादमासारखा
एकेका बरगडीची हजेरी घेतो.

पायांत मोजे, हातांतही मोजे,
पायातलेच, अंगठ्यासाठी भोक पाडलेले.
पाठीला कालचा पेपर. अरबी.
वाचता येत नाही, ऊब कळते.
त्यावर लाँड्रीतली लांब प्लास्टिकची पिशवी,
जिच्यातून लोकांचे दिशदाशे घरी जातात
तिच्यात मी,
इस्त्री न केलेला.

सायकल दिलबहादूरची.
भोजपूरला कायमचा परतताना आठ दिनारला दिली,
घंटी मात्र काढून नेली,
पोराला खेळायला, म्हणाला.
म्हणून वळणावर मी तोंडानेच ओरडतो.
ऐकायला फक्त मांजरं,
नुकत्याच थांबलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर बसलेली.
कुठलं इंजिन अजून गरम आहे
त्यांना बरोबर कळतं.

फहाहीलला शटर वर केलं, बॉयलर पेटवला
की पहिली पाच मिनिटं
मोतालिब आणि मी बोलत नाही.
नुसते हात धरून उभे राहतो वाफेवर.
मग बोटं दुखायला लागतात,
म्हणजे आली परत.

हिवाळ्यात इथली माणसं रंग बदलतात.
पांढरं जातं, येतं राखी, कॉफी, गडद निळं,
जाड कापड, इस्त्रीला जड.
आणि मागच्या दांडीवर, भिंतीकडे तोंड करून,
चारशे सतरा नंबरचा कोट.
गेल्या फेब्रुवारीपासून.
आतून सॅटिन, बाहेरून उंटाच्या रंगाची लोकर.
रमजानपर्यंत थांबू, उस्ताद म्हणतो,
नाही आला कुणी तर जुम्मा बाजारात विकू.

त्या रात्री दहाला शटर ओढलं
तेव्हा वारा समोरून, आणि त्यात पाऊस.
मोतालिब माझ्याकडे बघत नव्हता.
मुद्दाम बघत नव्हता.

दोन माप मोठा. बाह्या बोटांच्याही पुढे.
चार किलोमीटर मला थंडी वाजली नाही
आणि मी सायकल हळू चालवली.
सिग्नलला हात खिशात घातला, साहेबासारखा,
तर आत खजुराची बी.
कुणीतरी कुठेतरी खजूर खाल्ला असेल,
बी रस्त्यावर टाकायला जीव झाला नसेल.
मी ती परत तिथेच ठेवली.

खोलीवर येऊन दिवा लावला.
मागचं टोक चेनमध्ये जाऊन आलेलं.
वीतभर काळं.

दुसऱ्या दिवशी तीनलाच निघालो.
आधी पेट्रोल, मग साबण, मग खालून वाफ,
लोकर उलट्या बाजूने, दाबायची नाही, फक्त टेकवायची.
सोळा वर्षं लोकांचे डाग काढतोय,
हात थरथरले ते पहिल्यांदाच.
निघाला. उस्तादाला दिसणार नाही,
मालकालाही नाही.
मला दिसतो.

शुक्रवारी कुंदाचा फोन.
टीव्हीवर दाखवत होते म्हणे,
तिकडे सहा डिग्री. खरं का हो?
खरं.
मग तुम्ही काय घालता?
एवढ्या वर्षांत हे तिने विचारलं नव्हतं.
कोट, मी म्हणालो.
कोट? कधी घेतलात?
कितीला?

दांडीवरून तो भिंतीकडे बघत होता.
मी फोन कानाला लावून
कुकरच्या शिट्टीची वाट बघत होतो.